महजर व ठराव : पूर्णा येथील नगरकारभाराच्या निमित्तानें एक साधनचिकित्सा

शेताच्या बांधाविषयीं दोनशें वर्षांपूर्वीं झालेला एखादा महजर हातीं आला म्हणजे संग्राहकाच्या आनंदाला पारावार रहात नाहीं. तो कागदाचा पोत पाहतो, शिक्का भिंगाखालीं धरतो, हाजीर मजालशींतील नांवें एकेक करून वाचतो, आणि पाटलाचा नांगर कोठें, न्हाव्याचा आरसा कोठें, याचा खल करीत दोन दिवस घालवितो. त्याच गृहस्थाच्या दारासमोरचा रस्ता किती रुंद असावा, शेजारची पडकी माडी उतरवावी कीं ठेवावी, याविषयीं गांवच्या नगरपरिषदेनें केलेल्या ठरावाची नक्कल मात्र त्याच्या संग्रहांत नसते. ती मागावी असें त्याच्या मनांतच येत नाहीं. चुकून हातीं आलीच तर दिवाळीच्या झाडलोटींत रद्दीबरोबर जाते.

यांत दोष केवळ संग्राहकाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ठरावाचा कागदच असा लिहिला जातो कीं त्यांत वाचण्याजोगें फार थोडें उरतें. ठराव हा अधिकारानें महजराचा वारस आहे. दोहोंतही गांवचीं माणसें एकत्र बसून गांवच्या जागेविषयीं निर्णय देतात. परंतु ज्या अवयवांमुळें महजर हा कागद शतकांनंतरही बोलतो, ते अवयव ठरावांत बहुधा नसतात. हें विधान मोघम राहूं नये म्हणून दोन विषय घेऊन तपासूं : पायीं चालणाराची वाट आणि राहत्या इमारतीची मजबुती. जागा घेतों पूर्णा ही.

पूर्णा हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. अजिंठ्याच्या डोंगरांतून येणारी पूर्णा नदी याच्या जवळून वाहत जाऊन खालच्या अंगास गोदावरीस मिळते. नदीवरूनच गांवाचें नांव. परंतु दूरच्या माणसाला तें ठाऊक आहे तें जंक्शन म्हणून. हैदराबाद-गोदावरी खोरें हा मीटरगेजचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत झाला, 1912 सालीं पूर्ण्याहून हिंगोलीची शाखा निघाली, आणि पुढें ती अकोल्याकडे जोडली गेली. त्या शाखेचे अरुंद रूळ उखडून 2008 सालीं रुंद रूळ आले. अशा गांवीं एका रस्त्याचा इतिहास चार लिप्यांत पसरलेला असतो. पाटील-पटवाऱ्यांचे कागद मोडींत, निजामी राज्याच्या कचेऱ्यांचे 1880 च्या दशकापासून उर्दूंत व त्यापूर्वींचे फारशींत, रेल्वेचे नकाशे इंग्रजींत, आणि आजचे ठराव देवनागरींत. सप्टेंबर 1948 मध्यें निजामी अंमल संपला. 1956 सालीं हैदराबाद राज्यासाठीं जिल्हा नगरपालिकांचा कायदा झाला. त्याच वर्षीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व 1960 सालीं महाराष्ट्रांत आला. आणि 1965 सालच्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानें मुंबई, हैदराबाद व मध्यप्रांत-वऱ्हाड या तिन्ही परंपरांचे कायदे एकत्र केले. शिवाय रेल्वेची जागा केंद्र सरकारची. राज्यघटनेच्या 285 व्या अनुच्छेदान्वये तीवर सामान्यतः स्थानिक कर बसत नाहीं, व तेथील बांधकामाचे कागद नगरपरिषदेच्या कपाटांत शोधून मिळत नाहींत. रेल्वेनें वाढविलेल्या कोणत्याही गांवीं हद्दीची ही फूट लक्षांत न घेतां ठराव वाचूं लागल्यास वाचणारा पहिल्या पानावरच फसेल.

आतां महजराचें अंग पाहूं. आरंभीं शक, संवत्सर, मास, तिथि. मग हाजीर मजालस : देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, ज्याचा त्याचा गांव व हुद्दा यांसह. मग वादी-प्रतिवादी यांनीं या सभेचा निवाडा मान्य करूं असे दिलेले राजीनामे, व त्यांचे जामीन. पुढें दोघांचे करीने, म्हणजे आपापली हकीकत, ज्याच्या त्याच्या तोंडून. मग साक्षी व जुने कागद. हद्दीच्या तंट्यांत गांवच्या महाराची साक्ष फार वजनदार. अखेर निवाडा, आणि जिंकणारानें द्यावयाची हरकी. या रचनेचा गुण असा कीं, निवाडा चुकीचा असला तरी तो चुकीचा आहे हें त्याच कागदावरून दाखवितां येतें, कारण हरलेल्याची बाजूही त्यांत नोंदलेली असते.

महजरांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. बनावट महजरांचे नमुने प्रत्येक अनुभवी संग्राहकानें पाहिले आहेत. ज्या महाराच्या साक्षीवर शिंव ठरे, त्याला त्या सभेंत बरोबरीची बैठक नव्हती. आणि बायकांचा शब्द वतनाच्या वारसाहक्कापलीकडे क्वचितच ऐकूं येतो. आजची नगरपरिषद या बाबतींत जुन्या गोतसभेहून कितीतरी पुढें आहे : प्रौढ मताधिकार आहे, अनुसूचित जाति-जमातींस राखीव जागा आहेत, आणि महाराष्ट्रांत स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं आहेत. म्हणूनच आमची तक्रार अधिक टोंकदार आहे. सभेंत बसणारीं माणसें वाढलीं आणि कागदांत बोलणारीं माणसें नाहींशीं झालीं.

नगरपरिषदेच्या ठरावाचा सांचा सर्वत्र सारखाच. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, विषयाचें एका ओळींत नांव. मग 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन' हें वाक्य, मग मंजुरी, मग सूचक व अनुमोदक यांचीं नांवें, आणि 'ठराव सर्वानुमते मंजूर'. हें 'सविस्तर चर्चा' म्हणजे महजरांत 'करीने घेतले' एवढेंच लिहून करीने गाळण्यासारखें आहे. कोणी काय म्हटलें, कोणाचें नुकसान होणार होतें, दुसरा कोणता मार्ग पुढें आला व तो कां सोडला, यांतील एकही गोष्ट त्या वाक्यावरून कळत नाहीं. 'सर्वानुमते' या शब्दाविषयीं तर साधनचिकित्सेच्या पहिल्याच नियमानें संशय घ्यावा. जेथें सगळेच कागद एकमुखी आहेत तेथें मतभेद नव्हता असें नव्हे, तो लिहिला गेला नाहीं असेंच बहुधा समजावें.

लिहिल्यानें काय साधतें याचें उदाहरण पुण्याचें आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. 1880 च्या सुमारास व्हाइसरॉयच्या भेटीप्रीत्यर्थ शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणास लावावी असें जोतीरावांचें म्हणणें पडलें, आणि विरुद्ध मत त्यांचें एकट्याचें ठरलें. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. आज त्या शृंगाराच्या कमानींचा एक खांबही कोठें नाहीं, पण तें एकटें मत प्रत्येक चरित्रांत आहे. तेव्हां सरसकट 'सर्वानुमते' लिहून मोकळें होण्याची रीति असती, तर चरित्रकाराला तें कोठून मिळालें असतें ?

ठरावाचें खरें कुळ महजराचें नसून कोतवालाच्या हुकुमाचें असावें, असा तर्क कधीं कधीं मनांत येतो. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे पेठांतील रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे असत, बाजाराचा निरख असे, आणि घरजागेच्या व्यवहारांवरही त्याची नजर असे. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले त्यांवरून या कामाची चांगली कल्पना येते. तेथें हुकूम असतो, कारण क्वचित् असतें, विरुद्ध पक्षाचा करीना जवळजवळ नसतो. हुकूम म्हणून तें योग्यच. कोतवाल सभा भरवीत नसे. पण सभेनें केलेला निर्णय हुकुमाच्या भाषेंत लिहिला जावा हें विलक्षण आहे.

आतां पायवाटेचा विषय. पायीं चालणाराची वाट स्वतंत्र मोजावी ही कल्पना या देशांत नवी नाहीं. म्हैसुरास शामशास्त्री यांनीं 1909 सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, दुर्गनिवेशाच्या अध्यायांत, रथ, गुरें व माणसें यांच्या वाटांचीं रुंदीचीं मापें निरनिराळीं आहेत. लहान जनावरें व माणसें यांची वाट दोन अरत्नींची, म्हणजे सुमारें तीन फुटांची. तिसऱ्या अधिकरणांत ती अडविणाऱ्यास बारा पणांचा दंड आहे. ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत वाद आहे, आणि असें माप प्रत्यक्ष कोणत्या नगरांत पाळलें गेलें हें सांगतां येणें कठीण. परंतु विधानाची जात पहा. माप आहे, कोणासाठीं तें आहे, आणि मोडल्यास दंड आहे. आजच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेंत राहत्या वस्तींतील फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे, म्हणजे अर्थशास्त्रांतील मापाच्या दुप्पट.

मराठवाड्यांतील लहान गांवांत ही वाट कोठें असते ? बहुधा नालीवरच्या फरशीवर. रस्त्याच्या कडेला नाली, नालीवर फरशी, फरशीवर दुकानाची पायरी, पायरीपुढें हातगाडा, आणि उरलेल्या डांबरावर माणूस, सायकल, रिक्षा व मालमोटार यांचा संसार. आतां ठराव काय म्हणतो ? 'अमुक रस्त्याचें मजबुतीकरण व दोन्ही बाजूंस नाली बांधकाम करण्यास मंजुरी' अशा धर्तीचें वाक्य त्यांत असतें. रुंदीचा आंकडा ठरावांत नसतो, तो अंदाजपत्रकांत असतो. काम प्रत्यक्ष किती झालें तें मोजमाप पुस्तकांत असतें. हा रस्ता चालणाराचा किती व गाडीचा किती, हें तिन्हींतही नसतें. पन्नास वर्षांनीं कोणी संशोधक पूर्ण्याच्या किंवा शेजारच्या कोणत्याही गांवच्या बाजाररस्त्याचा अभ्यास करूं लागला, तर त्याला फरशीचे ब्रास मिळतील, सिमेंटच्या गोण्या मिळतील. माणसाची वाट मिळणार नाहीं.

याच्या उलट एक कागद ठेवूं. 1981 च्या जुलै महिन्यांत मुंबईच्या फूटपाथांवर झोंपड्या बांधून राहणाऱ्या लोकांस उठवून त्यांच्या मूळ गांवीं पाठविण्याची घोषणा राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं केली. त्यांतून ओल्गा टेलिस व इतर विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला, व सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं 10 जुलै 1985 रोजीं निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं तो लिहिला. तो निकाल वाचतांना आम्हांस पदोपदीं महजराची आठवण होते. फूटपाथवासीयांचा करीना त्यांत आहे : गांवीं काम नाहीं, कामाजवळ राहिल्यावांचून पोट भरत नाहीं. महानगरपालिकेचा करीना आहे : 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचीं कलमें 312 ते 314, आणि पायीं चालणाराची अडचण. निवाडा दोहोंकडे पाहतो. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांत येतो हें मान्य; परंतु फूटपाथ हा जाण्यायेण्यासाठीं आहे, त्यावर घर करण्याचा हक्क कोणास नाहीं, हेंही ठाम. नोटीस देऊन म्हणणें ऐकणें हा नियम, न ऐकणें हा अपवाद. आणि ज्यांच्यापाशीं 1976 च्या गणतीचीं ओळखपत्रें होतीं त्यांना पर्यायी जागा देण्याविषयीं आदेश.

ही शेवटची गोष्ट कागदांच्या संग्राहकांनीं विसरूं नये. एका गणतींत मिळालेलें कार्ड ज्यानें पावसापासून, उंदरापासून, पोलिसांच्या गाडीपासून जपलें, त्याचा हक्क कागदानें उभा केला; ज्याचें हरवलें त्याचा नाहीं. आम्ही ज्यांना 'किरकोळ कागद' म्हणून बाजूस सारतों, त्यांतल्या एकावर कुटुंबाचें छप्पर अवलंबून होतें. निकालाविषयीं आमचा एक आक्षेप आहेच : इतका नीट करीना नोंदवून शेवटीं बहुसंख्य फूटपाथवासीयांच्या पदरीं पावसाळ्याअखेरपर्यंतची मुदत यापलीकडे फारसें पडलें नाहीं. पण तो आक्षेप आम्ही घेऊं शकतों तो त्याच निकालांतील मजकुराच्या आधारें.

पुढें 2014 च्या पथविक्रेता कायद्यानें प्रत्येक शहरीं नगर पथविक्रेता समिति आली, तिच्यांत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावे व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या अशी योजना झाली. 14 मे 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अडथळा नसलेला, अपंगांसही वापरतां येईल असा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग म्हटला. हक्काची वाक्यें दिल्लीस उत्तम लिहिलीं जात आहेत. तीं खरीं ठरणार कीं नाहीं हें मात्र गांवच्या ठरावांतील एका आंकड्यावर आहे, आणि तो आंकडा तेथें लिहिला जात नाहीं.

इमारतींचा विषय अधिक गंभीर आहे, कारण त्यांत कागदाच्या उणिवेची किंमत प्राणांनीं चुकविली जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारें आठ हजार माणसें मेलीं. धक्का 6.2 च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानानें मध्यम. मारलें तें घरांनीं. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, मातींत रचलेले गोटे, आणि वर लाकडी तुळयांवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा थर, हें आमच्या माळवदाचें रूप. उन्हाळ्यांत गार, थंडींत ऊबदार, आणि भिंत सुटली कीं टनावारी माती खालीं. त्या वेळच्या नकाशांत तो भाग भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत सौम्य, म्हणजे पहिल्या पट्ट्यांत होता. 2002 च्या सुधारलेल्या नकाशांत पहिला पट्टाच रद्द झाला व किल्लारीचा भाग तिसऱ्यांत आला. पूर्ण्याच्या शेजारीं हिंगोली जिल्ह्यांत 21 मार्च 2024 व पुन्हां 10 जुलै 2024 रोजीं 4.5 च्या सुमाराचे धक्के बसले. ते परभणी व नांदेड जिल्ह्यांत जाणवले. त्यांनीं मोठी हानि केली नाहीं. परंतु माळवदाखालीं झोंपणाऱ्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

अशा घराविषयीं नगरपरिषदेजवळ साधन आहे : 1965 च्या अधिनियमाचें 195 वें कलम, ज्याअन्वये धोकादायक इमारतीच्या मालकास नोटीस जाते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा राज्यभर निघतात. त्यांचें लेखन पाहिलें म्हणजे चिकित्सकाचा जीव कष्टी होतो. 'आपली इमारत जीर्ण व धोकादायक झाली असून ती त्वरित उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार रहाल.' कोणी पाहिली, केव्हां पाहिली, कोणती भिंत किती फुगली, तुळई कुजली कीं वाळवीनें खाल्ली, आंत कोण राहतें, भाडेकरू असेल तर तो कोठें जाणार, याचा पत्ता नाहीं. मालक आणि भाडेकरू यांचें सूत नसलें म्हणजे हीच नोटीस एकाच्या हातांत दुसऱ्याविरुद्ध हत्यार होते, आणि धोका खरा होता कीं सोयीचा होता हें पुढें कोणालाच सिद्ध करतां येत नाहीं. जुन्या निवाडपत्रांत पंचांनीं 'जागेवर जाऊन पाहिलें' असें लिहून काय पाहिलें तें लिहिण्याची चाल होती. तेवढी चाल या नोटिशींत आली तरी पुष्कळ झालें.

नव्या बांधकामाचा कागद तर याहून पातळ. 2 डिसेंबर 2020 रोजीं मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून सर्व महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली लागूं झाली. पूर्वीं गांवोगांवचे नियम निराळे, आतां एक, ही सुधारणा चांगलीच. परंतु वाचकांनीं या ग्रंथाकडे पोथीच्या नजरेनें पहावें : त्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या होत असतात, आणि एखाद्या इमारतीस परवानगी मिळाली त्या दिवशीं कोणता पाठ चालू होता हें ठरविणें म्हणजे पाठभेदांचेंच काम आहे. शिवाय तींत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान बांधकामासाठीं अशी सवलत आहे कीं, जाणकारानें सही केलेला नकाशा देऊन शुल्क भरलें म्हणजे ती पावतीच परवानगी. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांची मुदत. गरीब माणसाची कचेरींतील खेप वांचते, चिरीमिरी वांचते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पूर्ण्यासारख्या गांवांत बहुतेक घरें याच मापांत बसतात. म्हणजे गांवच्या बहुतेक घरांच्या मजबुतीविषयीं सार्वजनिक दप्तरांत जो कागद राहील तो तपासणीचा नव्हे, पैसे भरल्याचा.

तपासणीचा कागद नसला तर काय होतें हें महाडनें दाखविलें. रायगड जिल्ह्यांतील महाड येथें, जेथें नगरपरिषदच आहे, 24 ऑगस्ट 2020 रोजीं पांच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी खालीं आली. सोळा माणसें मेलीं. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बांधणारा, आराखडा करणारे आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. खटल्यांत कोण दोषी हें ठरविणें न्यायालयाचें काम; आमचें लक्ष निराळ्या ठिकाणीं जातें. अशा प्रत्येक प्रसंगानंतर चौकशी समिति नेमली जाते, आणि तिला पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, बांधकाम चालूं असतां कोणी पाहिलें, आणि पाहून काय लिहिलें. गोटे-मातीच्या माळवदाला शिल्पकाराची सही नव्हती म्हणून आपण त्याला दोष देतों. नव्या इमारतीला सह्या पुष्कळ आहेत, पण पाहिल्याची नोंद त्या सह्यांच्या मागें आहेच असें नाहीं.

समित्या व आयोग यांविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्यांत फारसें रहस्य नाहीं. 'सदर विषय समितीकडे सोपविण्यांत यावा' असा ठराव झाला म्हणजे विषयाचा माग तेथें तुटतो. समितीचा अहवाल मूळ ठरावास जोडला जात नाहीं, वेगळ्या नस्तींत जातो, आणि त्या नस्तीचें आयुष्य निराळें असतें. सरकारी दप्तरांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे तीस वर्षें, बाकीचे थोड्या मुदतीनें नष्ट करावयाचे. ठरावाचें पुस्तक जगतें. ज्या टिपणीवरून, नकाशावरून, तक्रारअर्जावरून ठराव झाला ते कागद पुष्कळदां त्याच्या आधीं जातात. निवाडा ठेवून करीने जाळण्याचा हा प्रकार आहे, आणि 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम असतांही तो थांबलेला दिसत नाहीं.

यांत अलीकडे एक मोठी खिंड पडली आहे. राज्यांतील बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 व 2022 या सालांत संपली, आरक्षणाच्या वादामुळें निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या आदेशानंतर त्या घेण्यांत आल्या, 2 डिसेंबर 2025 रोजीं बहुतेक ठिकाणीं मतदान व 21 डिसेंबर रोजीं मोजणी झाली. मधल्या या काळांत रस्ते झाले, नाल्या झाल्या, परवानग्या दिल्या गेल्या, आणि ठरावही झाले. ते प्रशासकाचे ठराव. सूचक नाहीं, अनुमोदक नाहीं, सभा नाहीं, तरी नांव ठरावच. येथें आमचा कोतवालाचा तर्क तर्क रहात नाहीं. भावी संग्राहकानें या तीन-चार वर्षांचे कागद हातीं घेतांना शीर्षकावर विश्वास ठेवूं नये. सभेचा ठराव व प्रशासकाचा ठराव हीं दोन भिन्न जातींचीं साधनें आहेत, व त्यांची नोंद संग्रहाच्या यादींत निराळ्या सदराखालीं करावी.

मग खरी सामग्री कोठें शोधावी ? पुष्कळ वेळां गांवाबाहेर. अधिनियमाच्या 308 व्या कलमानें ठराव बेकायदेशीर किंवा लोकांस उपद्रवकारक वाटल्यास त्याची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. असा वाद झाला म्हणजे दोन्ही बाजूंस आपलें म्हणणें लेखी द्यावें लागतें. म्हणून ज्या ठरावाच्या अंगावर कोणी तक्रार केली त्याचा करीना परभणीस जिल्ह्याच्या कचेरींत सांपडण्याचा संभव अधिक. बिनतक्रार झालेल्या ठरावाचा कोठेंच नाहीं. भांडणें जपून ठेवतात, एकमत हरवून जातें, हा अनुभव वतनाच्या कागदांतही आपणांस आलेलाच आहे.

संग्राहकांनीं काय घ्यावें हें सांगून लेख पुरा करतों. ठरावाची नक्कल घेतांना तीबरोबर कार्यालयीन टिपणी घ्यावी, अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तकाचीं संबंधित पानें घ्यावीं. माहितीच्या अधिकारानें हे कागद नागरिकास मागतां येतात. धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटविलेली दिसली तर तिचें छायाचित्र त्याच दिवशीं, भिंतीच्या भेगेसकट घ्यावें, कारण पुढें नोटीस राहते आणि भेग गिलाव्याखालीं जाते. आणि लहान घराच्या परवानगीची ती पावती कोणा शेजाऱ्यापाशीं असेल, तर आजच तिची शाईची नक्कल करून ठेवावी. अशा पावत्या पुष्कळ ठिकाणीं उष्णतेनें अक्षर उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर निघतात. दोनशें वर्षांची मोडी शाई आपण भिंगावांचून वाचतों. हें अक्षर मराठवाड्याच्या दोन-चार उन्हाळ्यांत पुसट होतें, आणि पुढें हातांत कोरा कागद राहतो.